आमची बोट आणि टंचाई कक्ष

बोट घरी आली तेव्हा नांदेडच्या आमच्या शिक्षक कॉलनीतल्या प्रत्येक माणसानं मला एकच प्रश्न विचारला, "कशाला?"

हा प्रश्न विचारायची एक खास पद्धत आहे. आधी बोटीकडं बघायचं, मग माझ्याकडं, मग आमच्या घराच्या दाराकडं, म्हणजे आत कोणी शहाणं माणूस आहे का याचा अंदाज घ्यायचा. समोरचे व्यंकटराव एसटीतून निवृत्त झालेले, मूळचे देगलूरचे. त्यांनी तर बोटीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अम्मा, गोदावरीला घागर बुडंना झाली, अन् तुम्ही बोट आणायलाव?"

मी म्हणाले, "काका, घागर बुडायला पाहिजे, बोट तरंगायला पाहिजे. दोघींचं काम वेगळं आहे."

बघा, असं बोलणं मला आत्ताआत्ता यायला लागलंय. आठवीपर्यंत हजेरी घेताना माझं 'हजर' शेजारच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. नववीत स्नेहसंमेलनाला सूत्रसंचालन करणारी मुलगी गोवरानं पडली, बाईंनी मला स्टेजवर ढकललं, आणि माईक हातात आल्यावर मला कळलं की माझ्या पोटात इतकं बोलणं साठलेलं आहे. तेव्हापासून मी थांबलेले नाही. वक्तृत्वात पहिली आले. दहावीला शाळेची विद्यार्थी प्रतिनिधी मीच होणार, हे बाईंनी जवळजवळ जाहीर केलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच आईनं जाहीर केलं, की दहावीला मी लातूरला जाणार.

ज्यांना लातूर माहीत नाही त्यांना सांगायला हवं. भूकंप झाला तेव्हा मी लहान होते, अन् तेव्हा लातूर म्हटलं की लोक हळहळायचे. आता लातूर म्हटलं की लोक विचारतात, "किती टक्के?" गल्लोगल्ली क्लास. आमचे रेवणप्पामामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, तिथं राहतात, आणि त्यांच्या घरात मामी सोडून बाकी सगळी जागा पोरांना भाड्यानं दिलेली आहे. मामा म्हणतात, "लातुरात आता माणसं राहत न्हाईत, कॉटा राहत्यात." अशी एक कॉट त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली होती. म्हणजे तिथं मी प्रतिनिधी वगैरे काही नसणार. खिडकीजवळची तिसरी कॉट असणार. पुन्हा माझं 'हजर' कोणाला ऐकू जाणार नाही.

मी रडले, जेवले नाही, मग भूक लागली म्हणून जेवले, आणि बाबांकडं अपील केलं.

बाबा भूगोल शिकवतात. घरात त्यांचं फारसं चालत नाही, पण निकाल मात्र तेच देतात. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भार्गवी, तुझ्या आईचा मुद्दा असा आहे, की तू एकही गोष्ट तडीस नेत नाहीस. हार्मोनियम सोडलीस, शिवणक्लास सोडलास. इथं राहून तू दहावीही अर्ध्यात सोडशील अशी तिला भीती आहे. तर एक काम घे. अवघड घे. शाळा उघडायच्या आत पुरं कर. केलंस तर तू नांदेडलाच राहशील."

"कुठलंही काम?"

"कुठलंही."

माणसानं असं बोलू नये. निदान भूगोलाच्या शिक्षकानं तरी.

कारण मामाच्या अंगणात एक मोटारबोट पडलेली होती. भूकंपावर हसण्यासारखं काही नाही, आमच्या घरात कोणी हसतही नाही. शेजारच्या उमाबाई तर अजूनही झोपताना ग्लासावर ग्लास रचून ठेवतात, जमीन हलली की वाजावेत म्हणून. पण भूकंपानंतर जी मदत आली तिच्यावर खुद्द लातूरकरसुद्धा हसतात. लोकरीचे कोट आले. टाय आले. आणि कुठल्यातरी लांबच्या गावच्या भल्या मंडळानं, संकट म्हणजे पूरच असणार अशा समजुतीनं, एक फायबरची मोटारबोट पाठवली. ती पाच वर्षं या गोदामातून त्या गोदामात फिरली, आणि शेवटी लिलावात पत्र्यांच्या ढिगाबरोबर मामाच्या गळ्यात पडली. मामाला पत्रे पाहिजे होते. बोटीमुळं त्यांच्या दोन कॉटांची जागा अडली होती. मी फोनवर "मामा, बोट..." एवढंच म्हटलं आणि मामा म्हणाले, "घेऊन जा, बाई. आजच ने."

पांढरी होती ती कधीकाळी. आता तिच्यावर कबुतरांनी आपलं मत मांडलेलं होतं. तळाला हातभर चीर, बसायच्या फळ्या उंदरांनी खाल्लेल्या, आणि मागं गंजलेलं एक मशीन लटकलेलं, ज्याचा पंखा फिरवला की आतून वाळू पडायची. पण मला ती आवडली. तिलाही माझ्यासारखंच कोणी न विचारता लातूरला धाडलेलं होतं.

टेंपोत घालून आणली. नांदेडच्या जकात नाक्यावर अडकलो. नाकेदाराच्या दरपत्रकात गुळापासून हत्तीपर्यंत सगळं होतं, बोट नव्हती. "वाहन म्हणू तर चाक न्हाई," तो म्हणाला, "अन् फर्निचर म्हणू तर पाय न्हाईत." मी टेंपोच्या टपावर उभी राहून त्याला जलवाहतुकीचं महत्त्व समजावून सांगितलं. मागं रांग लागली. शेवटी त्यानं मला गप्प करण्यासाठी 'इतर' असं लिहून सोडलं. आयुष्यात मला आणि बोटीला मिळालेला तो पहिला सरकारी दर्जा.

आता दुरुस्ती.

बजेट म्हणजे काय, तर माझ्या बक्षिसाची पाकिटं आणि बाबांनी आईला न सांगता दिलेलं काहीतरी. त्यात जे जमेल ते. नांदेडात फायबरचं काम कोण करतं, तर दगडोबा कूलरवाला. त्याचं दुकान आमच्या चौकातच आहे. तो बोट बघायला आला तेव्हा ती उलटी घातलेली होती, आणि तिच्या पाठीवर उमाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. उन्हाळ्यात शेजारी एवढी गुळगुळीत, तापलेली, मांजर चढू न शकणारी जागा पडलेली असताना पापड-कुरडया गच्चीवर नेणं हा उमाबाईंना शुद्ध वेडेपणा वाटत होता.

"बाई, कुरडया काढता का? काम सुरू करायचंय," मी म्हणाले.

"अगं, ओल्या आहेत अजून."

"कधी काढता?"

"त्या झाल्या की सांडगे आहेत."

सांडगे झाल्यावर महिला मंडळाचे पापड आले. सुट्टीचे किती दिवस माझी बोट वाळवणाखाली होती ते मी मोजलं नाही, मोजलं असतं तर रडले असते. व्यंकटराव रोज येऊन सांगायचे, "अशीच उलटी राहू दे, अम्मा. खालून चार विटा लाव. भूकंप आला की सगळे आत. फायबर डोक्यावर पडलं तरी माणूस मरत न्हाई." या कल्पनेला कॉलनीत इतका पाठिंबा मिळाला, की कोणी कुठं बसायचं यावरून दोन घरांत अबोला झाला.

शेवटी दगडोबानं चीर बुजवायचं सामान दिलं: काचेची चटई, रेझिनचा डबा, आणि छोट्या बाटलीत हार्डनर. म्हणाला, "उन्हाळा हाय. हे जरासंच टाकायचं."

आई तुळशीला पाणी घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "विरजणासारखं गं. उन्हाळ्यात थेंबभर लागतं, जास्त झालं की दही कडक होतं."

मी मनात म्हटलं, ही रसायनशास्त्राची गोष्ट आहे, दह्याची नाही. आणि काम लवकर व्हावं म्हणून झाकणभर ओतलं.

मी ढवळलं. आधी ते कोमट झालं. मग गरम झालं. मग त्यातून धूर निघाला, आणि मी "बाबा, बघा!" म्हणेपर्यंत त्याचा दगड झाला. बादलीत, ब्रशसकट. ब्रश माझ्या हातात. आणि मी वाकून बघत असल्यामुळं माझी उजवी वेणी त्यात टोकापासून वीतभर. मी बादली उचलून डोकं तिरकं करून अंगणात फिरत होते आणि कॉलनी फाटकाशी गोळा झाली होती. वेणी उमाबाईंनी कापली, शेवया कापायच्या सवयीनं. दोन्ही बाजू सारख्या करता करता त्यांनी मला मुलांच्या रांगेत नेऊन बसवलं.

"छान दिसतेस," बाबा म्हणाले.

"एनसीसीतल्या पोरासारखी दिसायलीय," व्यंकटराव म्हणाले.

आईनं फक्त फ्रीजमधून दह्याचं पातेलं काढून माझ्यासमोर ठेवलं. कापलं तर वडी पडावी असं छान घट्ट लागलेलं. आयुष्यात मी इतकं अपमानास्पद दही खाल्लेलं नाही.

दुसऱ्या वेळी मी थेंबभर टाकलं आणि चीर बुजली. खरंच बुजली. मी त्यावर बुक्की मारून पाहिली, उभी राहून पाहिलं, उड्या मारल्या. मग फळ्या बसवल्या, निळा रंग दिला, आणि उरलेलं किरकोळ काम दगडोबावर सोडून दोन दिवस रंगाच्या वासानं पडून राहिले.

उठले तेव्हा दगडोबा घाम पुसत, समाधानानं उभा होता. "झाली तय्यार, ताई. एक नंबर. पाण्याची बी सोय केलो."

"कसली सोय?"

त्यानं दाखवलं. बोटीच्या तळाशी, मागच्या बाजूला, त्यानं एक गोल भोक पाडलं होतं. आणि त्याला पितळेची तोटी बसवली होती.

मी वाकून त्या भोकात करंगळी घालून पाहिली.

"दगडोबा," मी म्हणाले, "ही बोट आहे. हिच्या तळाला भोक?"

"मग पाणी साचल्यावर काढणार कसं? सडंल की खालून. माझ्या एकबी कूलरला तोटी न्हाई असं दाखवा."

"कूलरच्या आत पाणी असतं! बोटीच्या बाहेर असतं!"

"बाहेरच्या पाण्याला मी काय करू?" दगडोबा दुखावून म्हणाला. "मी माझ्या जबाबदारीचं बोलायलो."

बाबांनी मला समजावलं, की तोटी बंद असेल तर भोक हे तत्त्वतः भोक नसतं. मी मान्य केलं. सुट्टी संपत आली होती आणि माझ्याजवळ मान्य करण्याशिवाय दुसरं काही उरलेलं नव्हतं.

मशीन भोकर रोडच्या एका लुनावाल्यानं दुरुस्त केलं. सायलेन्सर पाण्यात बुडतो हे त्याला पटेना, म्हणून त्यानं एक लांब नळकांडं वर काढलं, गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखं. "पाण्यात पंखा बुडवून मगच चालू करा, न्हाई तर जळंल," असं त्यानं बजावलं. पाण्यात म्हणजे कशात? आमच्या घरात पंखा बुडेल एवढं पाणी एकाच ठिकाणी होतं, मोरीजवळच्या पिंपात. नळाला तीन दिवस अवकाश होता. आई मंदिरात गेली होती.

मी फक्त एकदाच दोरी ओढली.

मशीन सुरू झालं, हे मी अभिमानानं नोंदवते. पाच वर्षं वाळू ओकणारं मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आणि पिंपातलं पाणी एकाच वेळी वर उठून भिंतीवर, छतावर, बाबांवर, बाबांच्या हातातल्या तपासायच्या उत्तरपत्रिकांवर आणि खिडकीतून उमाबाईंच्या सांडग्यांवर गेलं. मी बंद करेपर्यंत पिंपाच्या तळाशी चहापुरतं पाणी राहिलं होतं.

आई आली. तिनं छताकडं पाहिलं. एक थेंब तिच्या कपाळावर पडला.

"पाणी कुठंय?"

बाबा म्हणाले, "सर्वत्र."

ते तीन दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. घरोघरी तांब्या घेऊन मी गेले आणि प्रत्येक दारात मला बोटीवर एक सल्ला मिळाला, अर्धा तांब्या पाण्याबरोबर. चौथ्या दिवशी नळ आला. आई पहाटेपासून पदर खोचून उभी होती. पिंप भरलं, हंडे, घागरी, कुकर, पुरणाची पातेली भरली. नळ अजून चालूच होता. नळ चालू आणि भांडी संपलेली, ही आमच्या गावच्या बाईला सहन होणारी गोष्ट नव्हे. आईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मग अंगणात पाहिलं.

तिथं माझी बोट सुलटी करून ठेवलेली होती. धुतलेली. निळी. खोल. आणि खाली तोटी.

मी शिकवणीहून आले तेव्हा उमाबाई तोटीखाली घागर लावून आईला सांगत होत्या, "सिंधूताई, काय सोय केलीत हो! अन् थेंब गळत नाही बघा."

"गळत नाही कारण मी बुजवलंय!" मी ओरडले. "रिकामी करा! मला ती नदीवर न्यायचीय!"

सगळ्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं मी देवळात चप्पल घालून आलेय.

"पाणी ओतून देऊ?" आई हळू आवाजात म्हणाली. "मे महिन्यात?"

"पण नळ आला की तुम्ही आधीचं पाणी शिळं म्हणून टाकताच की!"

"ते हंड्यातलं. ते आता बोटीत टाकतो."

बरोबरच होतं. ताजं हंड्यात, शिळं बोटीत. म्हणजे नळ येवो न येवो, माझी बोट कधी रिकामी होणारच नव्हती. जगात सगळीकडं बोटी पाण्यात असतात. आमच्याकडं पाणी बोटीत होतं, आणि ते उपसायला मनाई होती.

आता एकच मार्ग होता, वरून आदेश आणायचा. नदीत बोट घालायला परवानगी लागतेच, ती मिळाली की कागद दाखवून बोट रिकामी करून घ्यायची, असं बाबांनी ठरवलं. बाबांचा कागदावर विश्वास आहे. अर्जाला एकदा आवक क्रमांक पडला, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते तितक्याच खात्रीनं उत्तर येतं, असं ते मानतात.

आम्ही आधी आरटीओत गेलो. त्यांनी चाकं विचारली. मग पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले, पाणी आमचं, पण पाण्यावरचं आमचं नाही. तिथून कलेक्टर ऑफिस. तिथं एका खोलीवर पाटी होती: टंचाई कक्ष. आतले साहेब ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, हे मला आवडलं.

"बोट पुराच्या टेबलाला येते," ते म्हणाले.

"ते टेबल कुठंय?"

"हेच. पण एक जूनपासून." त्यांनी दारावरच्या पाटीकडं बोट केलं. "ती उलटी केली की मागं पूर नियंत्रण कक्ष लिहिलेलं आहे. आत्ता मी टंचाई आहे. आत्ता मी फक्त टंचाईचाच अर्ज घेऊ शकतो."

मी बाबांचा शर्ट ओढला. पण बाबांना टेबलावरचा शिक्का दिसला होता. "मग टंचाईत घ्या की," ते म्हणाले. "विषय शेवटी पाण्याचाच आहे. एकदा आवक होऊ द्या."

साहेबांनी शिक्का मारला. बाबा जिना उतरताना शीळ घालत होते.

उत्तर आठवड्यात आलं. बाबा बरोबर होते, उत्तर येतंच. दुपारी कॉलनीत सरकारी टँकर शिरला, ड्रायव्हरनं माझं नाव विचारलं, आणि माझ्या बोटीत पाइप सोडला. त्याच्याजवळच्या कागदाप्रमाणं शिक्षक कॉलनीतल्या नागरिकांनी स्वखर्चानं साठवणुकीची सोय उपलब्ध करून देऊन पाण्याची मागणी केली होती, आणि टंचाई संपेपर्यंत सदर सोय जागेवरून हलवू नये असा आदेश होता. खाली अर्जदार म्हणून माझं नाव.

कॉलनीनं मला उचलून घेतलं. अक्षरशः. व्यंकटरावांनी हार आणला. उमाबाईंनी माझ्या कापलेल्या केसांत कसंबसं एक फूल खोचलं. ते टिकेना, तेव्हा कानामागं अडकवलं. महिला मंडळानं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आणि नववीतल्या त्या माईकनंतर पहिल्यांदाच, सगळी कॉलनी समोर असताना, मला काही बोलता आलं नाही. मी नुसती बोटीकडं बघत होते. ती काठोकाठ भरली होती. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती.

शाळा उघडायला चार दिवस उरले. मग दोन. संध्याकाळी मी पायरीवर बसले होते. बाबा येऊन शेजारी बसले.

"हरले ना मी?" मी विचारलं.

बाबा उठले. बोटीपाशी गेले. खाली वाकून तळावर हात फिरवला, चिरेच्या जागी बराच वेळ. मग कोरडा हात मला दाखवला.

"गळत नाही," ते म्हणाले. "जिच्यातून पाणी बाहेर येत नाही, तिच्यात बाहेरून शिरणारही नाही. तरंगणं हा तिचा गुण आहे. परीक्षेला पाणीच आलं नाही, हा दोष परीक्षा घेणाऱ्याचा." त्यांनी आईकडं पाहिलं. "मी हिला ग्रेस देऊन पास करतो."

आईनं बोटीकडं पाहिलं, माझ्या केसांकडं पाहिलं. मग म्हणाली, "काम तर केलंय पोरीनं. राहू द्या इथंच."

मी त्या रात्री झोपले नाही. मी प्रतिनिधीचं भाषण पाठ केलं, दोनदा.

सकाळी मामा आले.

मी लातूरला येणार नाही हे बाबांनी रात्रीच फोन करून कळवलं होतं, तेवढ्यासाठी कोणी लातूरहून येत नाही. पण त्याच फोनवर आईनं बोटीचं कौतुकही सांगितलं होतं. मामांनी चहा घेतला नाही. सरळ बोटीपाशी गेले. तोटी उघडली. पाणी आलं. बंद केली. पुन्हा उघडली, बंद केली. माणूस देवाच्या मूर्तीसमोर जसा उभा राहतो तसे उभे राहिले.

"सिंधू," ते म्हणाले, "ही माझी बोट हाय."

"तुझी होती, दादा. आजच ने म्हणून मागं लागलास."

"भाचीला खेळायला दिलतो. हे असं निघंल म्हणून कुणाला ठाव होतं? माझ्याकडं पोरं आंघोळीवाचून बेजार व्हायलीत. आई-बाप गावाकडून फोन करून विचारायलेत, आमच्या पोराला पाणी हाय का म्हणून. आता अजून एक ऐक. पोरीसाठी एक कॉट एप्रिलपासून खाली ठेवलो. लोकं पाया पडायलेत त्या कॉटसाठी. न्हाई म्हटलो, माझी भाची येणार. आता भाची येत न्हाई म्हणतेस. ठीक. मग बोट दे." मामांनी दोन्ही हात पसरले. "एक तर पोरगी दे, न्हाई तर बोट दे. दोन्हीकडून मी कसा बुडू?"

अंगणात घागरी घेऊन सगळी कॉलनी उभी होती.

पहिल्यांदा उमाबाई बोलल्या. "दिवाळीला येईलच की पोरगी. अन् लातूर काय लांब आहे?"

"शिक्षण महत्त्वाचं," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी आजवर शिक्षणावर एकही शब्द काढलेला नव्हता.

"मामाचं घर म्हणजे परकं थोडंच," मागून कोणीतरी म्हणालं.

"ऐका," मी म्हणाले. "मी पास झालेय! बाबांनी पास केलंय!" मग मी बोलले. स्वच्छ उच्चार, योग्य विराम, हातवारे, सगळं. शिक्षक कॉलनीत इतकं चांगलं भाषण आजवर झालं नसेल. मी त्यांना आठवण करून दिली, की ही बोट आणली कोणी, बुजवली कोणी, केस कोणाचे गेले, अर्जावर नाव कोणाचं. मी म्हणाले, बोटीपेक्षा माणूस मोठा. टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. आणि टाळ्या वाजवायला खाली ठेवलेली घागर प्रत्येकानं पुन्हा उचलून कमरेवर घेतली.

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदा बोटीकडं. मला वाटलं होतं, ती थोडा वेळ घेईल.

"दादा, चहा घे," ती म्हणाली. "हिची लातूरसाठी भरलेली बॅग मी उघडलीच नव्हती."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भार्गवी, तुझा निकाल पासच आहे," ते म्हणाले. "फक्त प्रवेश दुसरीकडं झाला."

आता मी लातूरला आहे. खिडकीजवळची तिसरी कॉट. क्लासमध्ये आमच्या बॅचला इतकी पोरं आहेत की सर हजेरी घेतच नाहीत, त्यामुळं माझं 'हजर' अजून कोणी ऐकलेलं नाही. ते मी रोज मनातल्या मनात म्हणते, मोठ्यानं. रविवारी एसटीडी बूथवर रांग लावून मी घरी फोन करते. पाऊस अजून नीट पडलेला नाही. आई आधी सांगते की बोट भरलेली आहे, मग विचारते की चाचणीत किती पडले.

मागच्या रविवारी मी धीर करून विचारलं, "आई, माझी आठवण येते का गं?"

"येते की," आई म्हणाली. "नळ आला की येतेच."